वूस्टरची न भरलेली बॅच

मार्च 2025 मध्ये अमेरिकेतल्या वूस्टर शहरातल्या यूमास (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) चॅन मेडिकल स्कूलने जैववैद्यकीय पीएचडीसाठी देऊ केलेले प्रवेश मागे घेतले. अर्ज झाले होते, मुलाखती झाल्या होत्या, निवड झाल्याची पत्रं मुलांच्या हातात पडली होती. मग दुसरं पत्र आलं. केंद्र सरकारच्या संशोधन निधीचं काही खरं दिसत नाही, त्यामुळे 2025 च्या फॉल (शरद ऋतूतल्या) सत्राचा तुमचा प्रवेश आम्ही रद्द करत आहोत, असा त्याचा आशय. संस्थेने कारणं दोन दिली. जे विद्यार्थी आधीच शिकत आहेत त्यांचं काम मध्येच अडकू नये; आणि प्रबंधासाठी धड लॅब मिळेल याची खात्री देता येत नसताना नव्यांना बोलावून बसवू नये. पुढच्या एखाद्या वर्षी यायचं ठरवलंत तर पुन्हा अर्ज नको, प्राधान्याने विचार करू, अशी पुस्तीही जोडलेली होती.

विभाग बंद करण्याचा ठराव कुठे झाला नाही. अभ्यासक्रम वेबसाइटवर होता तसाच राहिला, प्राध्यापक आपापल्या जागी राहिले. जीवशास्त्रातले संशोधन कार्यक्रम बंद पडतात ते बहुतेक वेळा असेच. कुलूप कोणी लावत नाही, नवी मुलं यायची थांबतात. हे प्रकरण तपशिलात पाहावंसं वाटलं त्याचं कारण मात्र वेगळं आहे. संशोधनाच्या निधीवर संस्थांना मिळणारा वरखर्च सरसकट 15 टक्क्यांवर आणणाऱ्या ज्या सरकारी नियमाने त्या काळात सगळ्या विद्यापीठांची झोप उडवली होती, तो ज्या दिवशी लागू व्हायचा त्याच दिवशी कोर्टाने अडवला होता. तरी बॅच गेली ती गेलीच.

संस्था कुठली, कशी

वूस्टर हे बॉस्टनच्या पश्चिमेला साठ-पासष्ट किलोमीटरवरचं जुनं गिरणगाव. जीवशास्त्राशी त्याचं नातं जुनं आहे. शेजारच्या श्रूसबरीतल्या वूस्टर फाउंडेशनमध्ये ग्रेगरी पिंकस आणि एम. सी. चँग यांनी गर्भनिरोधक गोळीमागचं मूळ संशोधन केलं. ती संस्था 1997 मध्ये यूमासमध्ये विलीन झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये हार्वर्ड, टफ्ट्स, बॉस्टन विद्यापीठ अशी खासगी मेडिकल स्कूलं आहेत. सरकारी म्हणावं असं एवढं एकच.

दोन नोबेल या आवारात आहेत. क्रेग मेलो यांना 2006 मध्ये अँड्र्यू फायर यांच्यासोबत आरएनए इंटरफिअरन्ससाठी (आरएनएच्या साहाय्याने जनुकाचं काम बंद पाडणारी प्रक्रिया), आणि व्हिक्टर अँब्रोस यांना 2024 मध्ये गॅरी रवकुन यांच्यासोबत मायक्रोआरएनएसाठी (जनुकांवर नियंत्रण ठेवणारे आरएनएचे छोटे तुकडे). दोघांचं काम एकाच प्राण्यावरचं: सी. एलिगन्स नावाची एक मिलिमीटर लांबीची मातीतली कृमी. मेलो-फायर यांचा 1998 चा शोधनिबंध सहा जणांच्या नावावर आहे. त्यातून उभ्या राहिलेल्या तंत्रावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, म्हणजे मध्ये वीस वर्षं गेली. अँब्रोस यांच्या नोबेलची घोषणा ऑक्टोबर 2024 ची. प्रवेश रद्दच्या पत्रांपर्यंत मध्ये पाच महिनेच गेले.

2021 मध्ये चॅन कुटुंबाच्या मॉर्निंगसाइड फाउंडेशनने संस्थेला साडेसतरा कोटी डॉलरची देणगी दिली, म्हणून नावात ‘चॅन’ आलं आणि पीएचडी चालवणाऱ्या शाखेला ‘मॉर्निंगसाइड’ हे नाव मिळालं. एवढी देणगी बँकेत असताना एक बॅच पोसता येत नव्हती का, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याकडे नंतर येतो.

पैसा फिरतो कसा

आपल्याकडे पीएचडी म्हटलं की नेट, जेआरएफ (संशोधकाला मिळणारी सरकारी फेलोशिप), पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा), गाइड हे शब्द आठवतात. फेलोशिप विद्यार्थ्याच्या नावावर येते आणि तो ती घेऊन गाइडकडे जातो. अमेरिकेत जीवशास्त्राची पीएचडी उलट्या बाजूने उभी आहे. प्रवेश देतानाच संस्था सांगते की तुमची फी, आरोग्यविमा आणि वर्षाचा स्टायपेंड आमच्याकडे लागला. स्टायपेंड बहुतेक ठिकाणी 35 ते 50 हजार डॉलरच्या दरम्यान. आणि हे साडेपाच-सहा वर्षं चालतं, कारण तिथे जीवशास्त्राची पीएचडी त्याहून लवकर क्वचितच संपते.

पहिल्या वर्षी हा खर्च साधारण संस्था उचलते. त्या वर्षात विद्यार्थी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करून बघतो. याला रोटेशन म्हणतात. त्यातून एक लॅब पक्की झाली की पुढची चार-पाच वर्षं तो त्या प्राध्यापकाच्या ग्रँटवर, म्हणजे संशोधन अनुदानावर, जगतो. ही ग्रँट बहुतेक वेळा एनआयएचची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य संस्थेची. प्राध्यापकांची नेहमीची ग्रँट ‘आर-झिरो-वन’ नावाने ओळखली जाते. ती चार-पाच वर्षांची असते आणि चांगल्या काळातही पाचातल्या एखाद्याच अर्जाला मिळते.

म्हणून मार्चमध्ये एका विद्यार्थ्याला ‘या’ म्हणणं म्हणजे 2031 पर्यंतच्या खर्चाला होकार देणं, आणि तोही अजून न मिळालेल्या, कदाचित अजून न लिहिलेल्या ग्रँटच्या भरवशावर. नेहमी हे जमून जायचं, कारण एकाची ग्रँट संपली तर दुसऱ्याची चालू असायची. सगळ्यांच्या ग्रँट एकाच वेळी लटकतील असं कोणी हिशेबात धरलेलं नव्हतं.

याच साखळीत परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक अडचण आहे, जी आपल्याकडच्या कोचिंगवाल्यांच्या चकचकीत पत्रकात सहसा नसते. एनआयएच संस्थांना विद्यार्थी घडवण्यासाठी वेगळ्या ट्रेनिंग ग्रँट देतं. त्यातला पैसा फक्त अमेरिकी नागरिकांवर आणि ग्रीन कार्डवाल्यांवर खर्च करता येतो. पुणे-मुंबईहून गेलेल्या मुलीला तो मिळत नाही. तिचा भार संस्थेच्या स्वतःच्या पैशावर, नाहीतर थेट प्राध्यापकाच्या ग्रँटवर. तेव्हा प्राध्यापकांची ग्रँट डळमळली की परदेशी मुलांची जागा आधी धोक्यात येते. यात कोणाचा दुजाभाव असायची गरज नाही, हिशेबच तसा बसवलेला आहे.

आणि ओव्हरहेड. आपल्याकडेही प्रोजेक्टच्या पैशावर संस्था ओव्हरहेड घेते. अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठ सरकारशी बोलणी करून आपला दर ठरवून घेतं: शंभर डॉलर संशोधनाला दिले की वर आणखी इतके इमारत, वीज, प्राणीगृह, सुरक्षा, हिशेबनीस यांच्यासाठी. हार्वर्डचा दर 69 टक्के होता. देशभराची सरासरी एनआयएचच्याच म्हणण्याप्रमाणे 27-28 टक्के. ‘एवढं कशाला लागतं यांना’ ही तक्रार तिथल्या प्राध्यापकांमध्येही जुनीच आहे, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. पण हा पैसा काढून घेतल्यावर उणे ऐंशीचा फ्रीझर चालवणार कोण, याचं उत्तर तक्रार करणाऱ्यांकडेही नसतं.

जानेवारी ते एप्रिल

जानेवारी 2025 मध्ये नवं सरकार आल्यावर दोन-तीन दिवसांतच एनआयएचच्या बाहेरच्या संवादावर बंदी आली. ग्रँटच्या अर्जांची छाननी करणाऱ्या समित्यांच्या बैठकीची सूचना आधी फेडरल रजिस्टर या राजपत्रात छापावी लागते. सूचना पाठवणंच थांबलं, मग बैठका नाहीत, मग नव्या ग्रँटचे निर्णय नाहीत. निधी कापल्याची घोषणा कुणी केली नव्हती, तरी पैसे सुटत नव्हते. सरकारी कचेरीत ज्याची फाइल अडकली आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

7 फेब्रुवारीच्या शुक्रवारी संध्याकाळी एनआयएचने जाहीर केलं की सोमवारपासून सगळ्यांचा ओव्हरहेड सरसकट 15 टक्के, चालू ग्रँटनाही. सोमवारी, 10 तारखेला, मॅसॅच्युसेट्ससकट 22 राज्यं कोर्टात गेली आणि त्याच दिवशी बॉस्टनमधल्या न्यायाधीश अँजेल केली यांनी स्थगिती दिली. 5 मार्चला ती वाढवली, एप्रिलच्या सुरुवातीला मनाई कायम केली. आधार भक्कम होता: पहिल्या ट्रम्प कारकीर्दीत असाच प्रयत्न झाल्यावर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, निधीच्या कायद्यातच कलम घालून ठेवलं होतं की एनआयएचला हे दर असे परस्पर बदलता येणार नाहीत. जानेवारी 2026 मध्ये अपील कोर्टानेही राज्यांच्याच बाजूने निकाल दिला.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. वूस्टरची पत्रं गेली तेव्हा स्थगिती लागू होती. कायद्याची बाजू विद्यापीठांकडे झुकलेली दिसतच होती. पण प्रवेशाचं कॅलेंडर कोर्टासाठी थांबत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक ग्रॅज्युएट स्कूलांमध्ये 15 एप्रिल ही विद्यार्थ्याने होकार कळवायची शेवटची तारीख. त्याआधी संस्थेला आकडा पक्का करावा लागतो. त्या वेळी कोर्टाचा अंतिम निकाल हातात नव्हता, अपील होणार हे उघड होतं, छाननीच्या समित्या नीट बसत नव्हत्या. आणि एकदा आलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी ‘पैसे संपले’ सांगणं हे प्रवेश नाकारण्यापेक्षा कितीतरी वाईट.

म्हणून संस्थेच्या निर्णयाला मी सरसकट चूक म्हणणार नाही. उशिरा घेतला, हे मात्र म्हणेन. फेब्रुवारीत पिट्सबर्ग विद्यापीठाने पीएचडी प्रवेश काही दिवस थांबवले आणि अंदाज आल्यावर पुन्हा सुरू केले. पत्रं पाठवण्याआधी थांबणं आणि पाठवलेली पत्रं परत मागणं यात फार फरक आहे. दुसऱ्या प्रकारात ज्या मुलाने वूस्टरच्या भरवशावर दुसरीकडे नकार कळवला, त्याची दोन्हीकडची जागा जाते.

देणगीचा प्रश्न. मोठ्या देणगीचं मुद्दल सहसा हलवत नाहीत, वर्षाला त्याचे चार-पाच टक्के खर्चायला मिळतात, आणि त्यालाही दात्याने घातलेल्या अटी असतात. साडेसतरा कोटींचे पाच टक्के धरले तर वर्षाला नव्वद लाख डॉलरच्या आत. त्यातून अख्खी बॅच सहा वर्षं चालली असती याची खात्री नाही. पण दहा-बारा जणांची पूर्ण हमी घेऊन छोटी बॅच पहिल्याच फटक्यात जाहीर करता आली असती असं मला वाटतं. शून्य हा आकडा हिशेबाला सोपा असतो, कारण कोणाला ठेवायचं आणि कोणाला वगळायचं याचा वाद त्यात होत नाही.

लॅबमध्ये काय होतं

कृमींच्या लॅबमध्ये नवा माणूस आला की पहिले काही दिवस त्याला एकच गोष्ट शिकवतात: उचलणं. काचेच्या नळीच्या टोकाला प्लॅटिनमची केसासारखी बारीक तार बसवलेली असते, तिचं टोक ठोकून चपटं केलेलं. मायक्रोस्कोपखाली पाहत त्या टोकावर थोडे चिकट बॅक्टेरिया घ्यायचे, हव्या त्या कृमीला वरून हलकेच टेकवायचे, ती चिकटून वर येते. मग दुसऱ्या प्लेटवर तार टेकवून धरायची आणि ती आपली आपण सरपटत उतरेपर्यंत थांबायचं. नवशिक्या घाई करतो, तारेने आगर (प्लेटमधला जेलीसारखा थर) फाडतो, कृमी भेगेत शिरते आणि त्या प्लेटचा प्रयोग गेला. हे प्राध्यापक शिकवत नाहीत, त्यांना वेळ नसतो आणि पुष्कळदा त्यांचा हातही गेलेला असतो. शिकवतो तो चौथ्या-पाचव्या वर्षाचा सीनियर. तोच सांगतो की अमुक स्ट्रेन (कृमींचा वाण) पंचवीस अंशांवर ठेवलास तर वांझ होतात, तमुक फ्रीझरच्या तिसऱ्या रॅकवरची लेबलं कोणीतरी चुकवलेली आहेत.

एका वर्षी नेहमीची बॅच आली नाही तर पहिल्या वर्षी हे जाणवतसुद्धा नाही. लॅब भरलेली असते, उलट थोडी मोकळीक वाटते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळतं. जे शिकवायचे ते प्रबंध देऊन निघून गेलेले, आणि ज्यांनी त्यांच्याकडून शिकून आता इतरांना शिकवायचं ते आलेलेच नाहीत. स्ट्रेन गोठवून ठेवता येतात; सी. एलिगन्स उणे ऐंशीत वर्षानुवर्षं टिकते आणि पुन्हा जिवंत होते. वहीतल्या ज्या नोंदी फक्त लिहिणाऱ्यालाच कळतात, त्यांचं तसं होत नाही. तिथे पोस्टडॉक (पीएचडी झालेले संशोधक) असतात, टेक्निशियन असतात, काही अंशी ते भरून काढतात. पण पोस्टडॉक दोन-तीन वर्षांचा पाहुणा, स्वतःच्या पेपरच्या मागे. सहा वर्षं एका प्रश्नाला चिकटून राहायला पीएचडीचाच विद्यार्थी लागतो.

धक्का सगळ्यांना सारखा बसत नाही, हेही सांगायला हवं. नोबेलवाल्याची लॅब पोस्टडॉकच्या जोरावर तरून जाईल. नुकती नेमणूक झालेली, पहिली ग्रँट अजून मिळवायची असलेली सहायक प्राध्यापक मात्र पुरती अडकते. तिला सुरुवातीला दिलेला पैसा तीन-चार वर्षांचा असतो. त्यात विद्यार्थी मिळाला नाही तर प्राथमिक निष्कर्ष नाहीत, निष्कर्ष नाहीत तर ग्रँट नाही, ग्रँट नाही तर पुढच्या वर्षी विद्यार्थी घेण्याची परवानगी नाही.

इकडची बाजू

अशा कार्यक्रमांना भारतातून बरेच अर्ज जातात. आयसर पुणे, मुंबईची आयसीटी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा बायोटेक विभाग इथून पीएचडीसाठी अमेरिकेला जाणं ही रुळलेली वाट आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला अर्जांची मुदत, एकेका अर्जाची फी साधारण सहा-आठ हजार रुपये, जानेवारी-फेब्रुवारीत रात्री उशिरा झूमवर मुलाखती. मार्चमध्ये निवडीचं पत्र आलं की घरचे पेढे वाटून मोकळे होतात. आणि याच सुमारास आपल्याकडच्या प्रवेशांचा निर्णयही घ्यायचा असतो. टीआयएफआर-एनसीबीएस या संशोधन संस्थांसाठीची जेजीबिल्स ही प्रवेश परीक्षा दिलेली असते, आयसरांच्या मुलाखती तोंडावर असतात. तिकडचं पत्र हातात असलं की मूल इकडच्या मुलाखतीला जातच नाही. नंतर तिकडचं रद्द झालं तर वर्ष गेलं. 2025 मध्ये त्यात भर पडली ती व्हिसाची: मेच्या शेवटी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट थांबल्या आणि जूनच्या मध्यावर सोशल मीडियाच्या तपासणीसकट सुरू झाल्या. म्हणजे ज्यांचे प्रवेश शाबूत होते तेही जुलैपर्यंत स्लॉट शोधत बसले.

‘पुढच्या वर्षी प्राधान्य’ ही पुस्ती ऐकायला बरी वाटते. तिचा अर्थ असा की पुढच्या वर्षी जागा कमी आणि त्यातल्या काही आधीच बोललेल्या. 2026 साठी अर्ज करणाऱ्या मुलाला हे जाहिरातीत कुठे दिसत नाही.

आणि जागा कमी झाल्याच. ऑक्टोबर 2025 मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थी वृत्तपत्राने बातमी दिली की तिथल्या कला-विज्ञान शाखेने पुढच्या दोन वर्षांसाठी विज्ञानातले पीएचडी प्रवेश 75 टक्क्यांहून जास्त कापले आहेत. उत्क्रांती आणि सजीवशास्त्राच्या विभागाला बातमीनुसार तीन जागा उरल्या, रेणू आणि पेशी जीवशास्त्राला चार. तीन मुलांची बॅच म्हणजे बॅच नव्हेच; पहिल्या वर्षाचे कोर्स तीन जणांसाठी कोण चालवणार, आणि तिघांना पंचवीस-तीस लॅबमध्ये वाटायचं कसं?

आपल्या राज्यातली विद्यापीठं यावर हसू शकत नाहीत. यूजीसीच्या नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्राणिशास्त्रातले एक प्राध्यापक निवृत्त झाले, पद भरलं गेलं नाही, की आठ जागा कुठलाही कागद न निघता गेल्या. पेट पास झालेली मुलं गाइडच्या केबिनबाहेर उभी असतात आणि ‘व्हॅकन्सी नाही’ हे ऐकून परततात. जेआरएफ आता महिन्याला 37 हजार आहे, पण ती वेळेवर येत नाही म्हणून मुलं ओरडतच असतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसलेले संशोधक विद्यार्थी आपण पाहिले आहेत. वूस्टरमध्ये निदान पत्र तरी आलं.

ज्यांना आता अर्ज करायचा आहे त्यांनी मुलाखतीत विज्ञानाइतकेच पैशाचे प्रश्न विचारावेत. पहिल्या वर्षाचा खर्च कोण उचलतं, लॅब बदलावी लागली तर मधल्या काळात कोण, आणि प्राध्यापकाची ग्रँट संपली तर संस्था लेखी हमी देते का. ज्या लॅबमध्ये जायचंय तिच्या ग्रँटची मुदत कधी संपते हे एनआयएचच्या ‘रिपोर्टर’ या खुल्या वेबसाइटवर प्राध्यापकाचं नाव टाकून दिसतं. तारीख 2027 ची असेल तर ‘पुढचा अर्ज गेलाय का’ असं सरळ विचारायला हरकत नाही. उत्तर टाळलं तर तेही कळतंच. आणि तिकडचं पत्र हातात असलं तरी जेजीबिल्सच्या मुलाखतीला जाऊन यावं. जाण्या-येण्याचा खर्च फार तर रेल्वेच्या तिकिटाचा असतो, आणि तिथे मिळालेली जागा शेवटच्या तारखेपर्यंत सोडायची नाही.